दुसरा भाग

अनारसा हसणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी अनारसे होतात त्यांना सांगायला नको. तुपात सोडलेला अनारसा जाळी धरण्याऐवजी एकाएकी विरघळू लागतो, कढईभर पसरतो, आणि करणारीच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. अशा प्रसंगाला आमच्या बायकांनी ‘हसणे’ हा शब्द का योजला असावा, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. हसतो तो अनारसा. रडायची पाळी भलत्यावरच येते. २०२४ सालच्या दिवाळीत आमच्या घरी तीन अनारसे हसले. एक कढईत, दुसरा संगणकावर, आणि तिसरा... पण तिसऱ्याची गोष्ट सांगायला थोडा धीर गोळा करावा लागेल. ती ओघाने येईल.

मी वाईला एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिक. आता तिला दहावी म्हणतात. पण माझे वडील शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत आणि मलाही तोच शब्द वजनदार वाटतो. पुढे चित्रकलेची पदविका तेवढी केली. अशा माणसाने पंचेचाळिशी उलटल्यावर संगणकावरच्या एका खेळासाठी चार वर्षे डोळे लावून बसावे, हे माझ्या सहकाऱ्यांना पटत नाही. मलाही ते पटवून देता येत नाही. म्हणून घडले ते सांगतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आमचे वर्ग मोबाइलवर भरू लागले. मोबाइलवर चित्रकला शिकवणे म्हणजे पत्रातून पोहायला शिकवण्यासारखे आहे. तेव्हा जरा मोठा पडदा हवा म्हणून घरात संगणक आला, आणि तो माझ्यासाठी आला असला तरी चार दिवसांत आमच्या चिरंजीवांच्या ताब्यात गेला. चिरंजीव तेव्हा आठवीत होते. एका संध्याकाळी त्याने माझ्या हातात एक खेळणे दिले, दोन्ही हातांनी धरायचे, बटणे असलेले, आणि म्हणाला, “बाबा, हा खेळ दोघांनी खेळायचा आहे. आई नाही म्हणते. तुम्ही बसा.”

खेळाचे नाव सांगत नाही. माझे भांडण नावाशी नाही. त्यात एक म्हातारा नावाडी होता आणि त्याची दहा वर्षांची नात. होडी नदीतून खाली न्यायची. एकाने वल्हवायचे, दुसऱ्याने सुकाणू धरायचे. माझे हात सावकाश चालतात म्हणून म्हातारा मी. नात म्हणजे माझा मुलगा. दोघांचा ताल जुळला तर होडी सुरेख जायची, नाही जुळला तर जागच्या जागी गिरक्या घ्यायची. पहिले आठ दिवस आम्ही नुसत्या गिरक्याच घेतल्या. पुढे जमले. तलवार नाही, बंदूक नाही. वाटेत गावे लागायची, घाट लागायचे, कोणी निरोप द्यायचे, कोणी गूळ द्यायचे. आणि पाणी! कृष्णेच्या काठी जन्म गेला माझा. मुलांना घाटाचे चित्र काढायला शिकवता शिकवता केस पांढरे झाले. पण संध्याकाळच्या पाण्यावर उजेड कसा मोडतो हे त्या खेळातल्या चित्रकाराने जसे दाखवले होते, तसे मला एकदाही जमले नाही. मी मध्येच म्हणायचो, “थांब रे, जरा बघू दे.” आणि तोही थांबायचा. पाण्यातली सावली काळी नसते, हे मी त्याला त्या पडद्यावर शिकवले. वर्गात सांगून त्याच्या कधीच डोक्यात शिरले नव्हते.

बाहेर त्या दिवसांत काय चालले होते ते तुम्हांला ठाऊक आहे. आमची होडी तीन महिने चालली. शेवटी नदी रुंद होत गेली, धुके पडले, नातीने विचारले की पलीकडे काय आहे, म्हाताऱ्याने वल्ही वर घेतली, आणि धुक्याच्या फटीतून निमिषभर समुद्र दिसला. एवढ्यावर खेळ संपला. खाली अक्षरे आली : पुढचा प्रवास दुसऱ्या भागात.

चार वर्षांत मुलगा वाढतो म्हणजे काय होते, हे सांगायला कादंबरीकाराची गरज नाही. आवाज फुटला, मिसरूड आले, खोलीचे दार लागू लागले. आमचे बोलणे हळूहळू ‘जेवलास का’ आणि ‘हो’ यांच्यात मावू लागले. पण एक विषय कधी बंद पडला नाही. जेवता जेवता तो एकदम म्हणायचा, “दुसऱ्या भागाची तारीख पुढे गेली, बाबा.” मग आम्ही दोघे त्या कारखानदारांना शिव्या द्यायचो आणि सौ. आम्हां दोघांना. २०२२ साली त्याची छोटी झलक आली. मोबाइलवर डोकी एकमेकांना लावून आम्ही ती किती वेळा पाहिली असेल! समुद्र होता. लाटेच्या कण्यावरून उजेड घसरत होता.

२०२४ च्या पावसाळ्याअखेर चिरंजीव अभियांत्रिकी शिकायला पुण्याला गेले. वाई ते पुणे अंतर ते काय. पण रिकामी खोली मैलांनी मोजता येत नाही. आणि नेमका दिवाळीच्या तोंडावर तो दुसरा भाग बाहेर पडला. रात्री फोन आला. “बाबा, आलाय. इथं पोरं खेळतायत. मी बघितलेलं नाही. आपण दिवाळीला बघू.” 

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ अंगणात उभा होतो. असे म्हणतात ना, की मुले गेली की गेली. मग हे काय होते?

आता या खेळाला काय काय लागते त्याची एक यादी असते. किमान इतके, आणि नीट चालायला हवे असेल तर इतके. आमचा संगणक किमानाच्याही खाली. चित्रे रंगवण्यासाठी त्यात एक वेगळे कार्ड बसवावे लागते. ते एकोणतीस हजाराला पडले. सौ. म्हणाली, “एवढ्यात वॉशिंग मशीन आलं असतं.” खरेच होते. मी गप्प राहिलो. पैसे कोठून आले हेही मी तेव्हा नीटसे सांगितले नाही.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मुलाने कार्ड बसवले. स्वयंपाकघरात अनारशांची कढई चढली होती. पणत्या लावून झाल्या. आम्ही दोघे जुन्या जागी बसलो, तो उजवीकडे, मी डावीकडे. आणि खेळ सुरू केला. पडद्यावर एक रेघ आली आणि तिच्यावर ‘तयारी चालू आहे’ अशा अर्थाची अक्षरे. पाच मिनिटे झाली, दहा झाली. मी विचारले, “हे काय करतंय?”

त्याने समजावून सांगितले. उजेड पाण्यावर कसा पडावा, ओल्या लाकडावर कसा पडावा, यासाठी शेकडो-हजारो लहान लहान आज्ञावल्या असतात. त्या प्रत्येक कार्डाच्या भाषेत उतरवाव्या लागतात. टीव्हीला जोडायची खेळयंत्रे असतात ती सारी एका साच्याची. तेव्हा कारखान्यातच सगळे तयार करून पाठवता येते. पण घरोघरचे संगणक निराळे. कोणाचे कार्ड जुने, कोणाचे नवे, कोणाचा मेंदू बलदंड आणि स्मरण तोकडे. म्हणून हा स्वयंपाक ज्याच्या त्याच्या घरीच करावा लागतो. 

“म्हणजे भाजणी घरी दळायची,” मी म्हणालो.

“हो. आणि आधी दळून ठेवली नाही तर पाहुणे पाटावर बसल्यावर दळत बसावं लागतं.”

सदतीस मिनिटे भाजणी दळली गेली. मग समुद्र आला.

पहिली दहा सेकंदे मी काही बोललो नाही. चार वर्षांची वाट पाहणे त्या दहा सेकंदांत वसूल झाले, असे मला अजूनही वाटते. मी वल्ही मारली. आणि झटका बसला. आकाशातला पक्षी जागच्या जागी थिजला, लाट उभीच्या उभी राहिली, मग सारे एकदम तीन हात पुढे उडी मारून चालू लागले. पुन्हा वल्हे, पुन्हा झटका. मी बटण दाबावे तेव्हा म्हातारा ढिम्म. मी सोडावे तेव्हा तो वल्हवणार. ज्या खेळाचा सारा प्राण तालात, त्याचा तालच गेला. होडी गिरक्या घेऊ लागली, २०२० च्या पहिल्या आठवड्यासारखी. पण तेव्हा चूक आमची होती, आणि आपल्या चुकीची एक गोडी असते.

पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा हलत होता. अठ्ठावन्न. मुलगा म्हणाला की दर सेकंदाला इतकी चित्रे निघताहेत. मी वहीच्या कोपऱ्यावर उडता पक्षी काढून पाने फडफडवायला मुलांना शिकवतो. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांवर चालतो हे मला माहीत आहे. मी म्हणालो, “अठ्ठावन्न म्हणजे उत्तम की! मग तक्रार कसली?”

“ती सरासरी आहे, बाबा. सेकंदाला साठ चित्रं म्हणजे एकेकाला सोळा-सतरा मिलिसेकंद मिळतात. पन्नासेक चित्रं वेळेवर आली आणि एकच दोनशे मिलिसेकंद अडकलं, तरी डोळ्याला तेच एक दिसतं.”

सरासरी ही मोठी लबाड बाई आहे. वर्गाची सरासरी पासष्ट टक्के म्हणून आम्ही अहवाल पाठवतो, आणि मागच्या बाकावरचा एक पोरगा गणितात सात गुण मिळवून खिडकीबाहेर बघत बसलेला असतो. हे मला समजायला हवे होते.

मग मुलाने एकेक सोय कमी करायला सुरुवात केली. सावल्या कमी केल्या, दूरचे धुके काढले. शेवटी पाण्यातली प्रतिबिंबे बंद केली. मी “नको” म्हणेपर्यंत समुद्राचा पत्रा झाला. करड्या रंगाचा, गोदामावर घालतात तसा. आणि गंमत अशी, की नव्या सुनेचे सारे दागिने उतरवून घ्यावेत तसे त्या समुद्राचे केले, तरी झटका होता तो होताच. कारण खोट कार्डाच्या ताकदीत नव्हती, भाजणीत होती. पुष्कळशी दळायची राहिली होती आणि ती ऐन पंगतीत दळली जात होती. एकदा तर म्हातारा दिसेनासा झाला आणि वल्ही हवेत आपली आपण चालत राहिली. इतर वेळी मी हसलो असतो. दोनदा खेळ आपण होऊन बंद पडला.

त्याच सुमाराला आतून सौ.चा आवाज आला, “हसले मेले!” पाठोपाठ तीच म्हणाली, “पीठ मुरलं नव्हतं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे ते मी दोनच भिजवले. तुम्हां लोकांच्या गडबडीत.”

मुलगा मात्र हसण्याच्या पलीकडे गेला होता. त्याने बटणांचे खेळणे गादीवर टाकले. “यांना माहीत होतं, बाबा! कुठल्याही साध्या संगणकावर लावून बघितलं असतं तरी दिसलं असतं. माहीत असून विकलं.”

मग त्याने मला या व्यवहाराचा इतिहास सांगितला. तो त्याला आमच्या पेशव्यांच्या इतिहासापेक्षा चांगला येतो. ‘बॅटमॅन : अर्कहॅम नाइट’ नावाचा खेळ जून २०१५ मध्ये आला. तोही मागच्या खेळांचा पुढचा भाग, लोक टपून बसलेले. खेळ लंडनच्या एका मंडळीने केलेला, पण संगणकावरची आवृत्ती दुसऱ्याच कंपनीकडून करवून घेतलेली. ती सेकंदाला तीस चित्रांवर बांधून ठेवली होती, आणि तेवढीही धड निघत नव्हती. गिऱ्हाइकांनी असा गिल्ला केला की दुसऱ्याच दिवशी तिची विक्री थांबवावी लागली. ती पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबरअखेर उजाडली. चार महिने दुकान बंद! पुस्तकाच्या धंद्यात असे कधी झालेले मी ऐकलेले नाही. दुसरी गोष्ट फिनलंडची. ‘सिटीज : स्कायलाइन्स’ म्हणून शहरे वसवण्याचा खेळ आहे, त्याचा दुसरा भाग २४ ऑक्टोबर २०२३ ला आला. मी मनात हिशेब केला. त्या दिवशी आपल्याकडे दसरा होता. तर या लोकांनी खेळ बाहेर काढण्यापूर्वीच निवेदन करून सांगून टाकले, की वेगाचे जे उद्दिष्ट आम्ही ठरवले होते ते गाठलेले नाही. आणि तरी ठरल्या दिवशी खेळ विकायला काढला. 

“निदान सांगितलं तरी,” मी म्हणालो.

“सांगून विकलं म्हणजे काय चांगलं झालं?”

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. हे खेळ ज्या मोठ्या दुकानातून घ्यायचे, त्या स्टीमचा जून २०१५ पासून, म्हणजे बॅटमॅनच्याच महिन्यापासून, एक नियम आहे : विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल, तर खेळ परत करा आणि पैसे न्या. “आपला एक तास छत्तीस मिनिटं झालाय,” तो म्हणाला. “त्यातली सदतीस मिनिटं नुसती ती रेघ बघण्यात गेली. तीही धरतात.” 

“माहीत असून विकलं,” तो पुन्हा पुटपुटला.

आता तिसऱ्या अनारशाची गोष्ट सांगितली पाहिजे.

माझी एक कादंबरी २०१६ साली आली होती, इथल्याच एका वाड्यातल्या माणसांची. ती बरी गेली, म्हणजे तिची दुसरी आवृत्ती निघाली. मराठीत बरी गेल्याची खूण हीच. तिच्यात गोपाळतात्या म्हणून एक म्हातारा होता. नवव्या प्रकरणात, भर पावसात, तो मरतो. तात्यांसाठी मला पत्रे आली होती. प्रकाशक कित्येक वर्षे म्हणत होते, वाचक पुढचे विचारतात. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला : दुसरा भाग दसऱ्याला बाहेर पडला पाहिजे, चाळीस हजार आगाऊ देतो. मुलाचे कॉलेज समोर होते. मी मे महिन्याच्या सुट्टीत बसलो. पहिली नऊ प्रकरणे जशी यायची तशी आली. शेवटची चार अकरा दिवसांत लिहिली. त्यांत अकरावे, वाड्यातल्या लग्नाचे, ते कच्चे राहिले आहे हे मला लिहितानाच कळत होते. कच्चे म्हणजे कसे हे सांगता येणार नाही. पीठ हाताला लागते तसे ते कळते. मी स्वतःशी म्हणालो, लोक वाचण्याच्या भरात आहेत, कोणाच्या लक्षात येणार नाही. आणि बाड टपालात टाकले.

धनत्रयोदशीच्या त्याच सकाळी मिरजेहून एक पत्र आले होते. लिहिणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. अक्षर असे की पाटीवर गिरवायला द्यावे. मी ते वाचून टेबलाच्या खणात ठेवले होते आणि खणाला, न लागणारी, किल्ली लावली होती.

मुलगा दुसऱ्यांदा ‘माहीत असून’ म्हणाला, तेव्हा मी उठलो, खण उघडला आणि पत्र त्याच्या हातात दिले. का दिले कोण जाणे. कदाचित त्या अनोळखी परदेशी लोकांच्या बाजूने बोलायला तिथे दुसरे कोणी नव्हते म्हणून.

बाईंनी लिहिले होते की अकराव्या प्रकरणातल्या लग्नाच्या पंगतीत गोपाळतात्या जिलबीचे ताट घेऊन आग्रह करीत फिरताना दिसतात. पहिल्या भागात ते वारल्याचे त्यांना आठवते. पुढे होते ते असे : “तात्या गेले तेव्हा मी एक दिवस जेवले नव्हते. आज ते पुन्हा दिसल्यावर आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. आपण त्यांना विसरलात, एवढेच कळले.”

चिरंजीव आधी खो खो हसले. “बाबा! तुमच्या कादंबरीत बग आहे! मेलेला माणूस जिलब्या वाढतोय!” मग त्याने पत्र पुन्हा वाचले आणि हसणे थांबले.

“तुम्हांला माहीत होतं?”

“तात्यांचं नव्हतं. पण प्रकरण कच्चं आहे हे माहीत होतं.”

“मग दिलंत कशाला?”

“दसरा जवळ आला होता.”

त्याने संगणकाकडे पाहिले. नव्या कार्डाचा पंखा गुरगुरत होता. एकोणतीस हजार कोठून आले हे त्याला त्या क्षणी कळले असावे. त्याने विचारले नाही, मीही सांगितले नाही.

असल्या वेळी माणूस थोरामोठ्यांचा आडोसा शोधतो. मीही शोधला. मी त्याला डॉक्टर वॉटसनची गोष्ट सांगितली. १८८७ च्या पहिल्या कादंबरीत त्याला खांद्यात गोळी लागलेली असते आणि १८९० च्या दुसरीत जखम पायात दुखू लागते. मग सर्व्हांटिसच्या ‘डॉन किहोते’तल्या सांचोच्या गाढवाची सांगितली. १६०५ साली पहिला भाग निघाला, त्यात सांचोचे गाढव मध्येच नाहीसे होते आणि पुढे मध्येच हजर होते; कसे ते कोणी सांगत नाही. त्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत गाढव चोरीला गेल्याचा मजकूर घातला. पण तो अशा जागी बसला की चोरी झाल्यावरही सांचो आपला त्याच गाढवावर बसून चाललेला! पुढे दहा वर्षांनी, १६१५ च्या दुसऱ्या भागात, सांचोलाच याचा जाब विचारला जातो, आणि तो म्हणतो की एक तर लिहिणारा चुकला असेल नाही तर छापणारा.

“म्हणजे पॅच टाकला आणि त्यानं नवा बग आला,” मुलगा म्हणाला. त्याचा चेहरा जरा निवळला होता. “पण सर्व्हांटिसला माहीत असून केलं नसणार. विसरला असेल.”

माझा आडोसा त्याने अलगद काढून घेतला. असे काढून घेणे मी त्याला शिकवलेले नाही. पुण्याला शिकला असेल.

मला मात्र राहून राहून त्या पाण्याचा विचार येत होता. त्या कारखान्यात कोणी तरी एक जण होता, ज्याने चार वर्षे बसून लाटेच्या कण्यावर उजेड चढवला होता. तारीख ठरवणारा तो नव्हे. सातासमुद्रांपलीकडे कोणा पोराने त्या समुद्राची प्रतिबिंबे बंद करून त्याचा पत्रा केला हे त्याला कळले असते, तर तो किती दिवस जेवला नसता? माझ्या बाबतीत ती सोय नव्हती. उजेड चढवणाराही मीच आणि तारखेला मान डोलावणाराही मीच.

“बाबा, एक तास एक्कावन्न मिनिटं. परत करायचा असेल तर आत्ता.”

“राहू दे,” मी म्हणालो.

“का राहू दे? सगळ्यांनी असं राहू दे म्हटलं तर त्यांना कळणार कसं? त्या बाईंनी लिहिलं म्हणून तुम्हांला कळलं ना?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. त्याचेच बरोबर होते. पण मिरजेच्या बाईंना कोणी दोन तासांची मुदत दिली नव्हती, आणि मी घेतलेले चाळीस हजार परत करण्याचा विचारही माझ्या मनाला शिवला नव्हता. अशा माणसाने दुसऱ्याकडे पैसे परत मागायला जरा जास्तच धैर्य लागते. शिवाय दुसरे एक कारण होते, ते मी बोललो नाही. तो समुद्र परत केला असता तर चार वर्षे आमच्यात चाललेले ते एकच वाक्य संपले असते.

तेवढ्यात सौ. बशी घेऊन आली. हसलेल्या अनारशांचा चुरा होता, वर खसखस. “दिसायला वाईट आहे, खायला नाही,” ती म्हणाली. राहिलेली नऊ मिनिटे आम्ही तिघांनी तो चुरा खाण्यात घालवली.

पाडवा, भाऊबीज झाली, मुलगा पुण्याला गेला. डिसेंबरात खेळाची पहिली दुरुस्ती आली. झटके थोडे कमी झाले, पण नातीचा आवाज बंद पडला. ती तोंड हलवायची, शब्द नाही. फेब्रुवारीत आवाज परत आला. दुरुस्त्या कायम येत राहणे हा या धंद्याचा एक चांगुलपणाही आहे, असे मुलगा सांगतो. ‘नो मॅन्स स्काय’ नावाचा खेळ ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा लोकांनी त्याच्यावर दगडच टाकले. पण त्या इंग्रज मंडळींनी नंतर वर्षानुवर्षे फुकट भर घालून तो उभा केला. पुस्तकाचे तसे नाही. मी प्रकाशकांना लिहिले. ते म्हणाले, “दुसरी आवृत्ती निघाली तर बघू.” म्हणजे जुन्या तात्यांच्या साऱ्या प्रती आधी खपल्या पाहिजेत, चूक जितकी पसरेल तितकी ती सुधारण्याची आशा अधिक! पहिल्या भागाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मला जो आनंद झाला होता, तो आता मला जपून आठवावा लागतो.

मग मी अकरावे प्रकरण हाताने पुन्हा लिहायला घेतले. शाळा सुटल्यावर, चित्रकलेच्या खोलीत, रंगांच्या बाटल्या बाजूला सारून. तीनदा लिहिले. पंगत आता मोठी नाही, आणि तात्या नाहीत. त्यांच्या जागी कोणी बसत नाही. चैत्रात त्याची एक प्रत मिरजेला पाठवली, वर क्षमेचे चार शब्द लिहून. पंधरा दिवसांत उत्तर आले, त्याच पाटीवरच्या अक्षरात. प्रकरण त्यांना आवडले होते. तात्यांच्या रिकाम्या पाटाजवळ त्या बराच वेळ थांबल्या, असे त्यांनी लिहिले होते. आणि खाली : “एक विचारते. लग्न कार्तिकात आहे ना? मग पंगतीला आमरस कुठून आला?”

मे महिन्यात मुलगा परीक्षेमुळे नीट राहू शकला नाही. समुद्र तसाच राहिला. परवा रात्री मात्र त्याचा फोन आला. “बाबा, मोठा पॅच आलाय. अकरा जीबी. पोरं म्हणतायत आता गुळगुळीत चालतंय. तुम्ही आजच उतरवून ठेवा, आपल्या गावचं नेट संथ आहे. पण सुरू करायचा नाही हं. मी आल्यावर.”

“प्रतिबिंबं?” मी विचारले.

“सगळी चालू ठेवायची.”

मी संगणक लावला. रेघ आली, तिच्याखाली टक्का सरकू लागला. एक, दोन, पुन्हा बराच वेळ दोन. नुसते बघत बसवेना, म्हणून खणातून अकरावे प्रकरण काढले आणि आमरसावर काट मारली. त्या जागी काय लिहावे ते सुचेना. आत सौ. तांदूळ निवडत होती. मी बसल्या जागेवरून विचारले, “अगं, कार्तिकातल्या लग्नात पंगतीला गोड काय करतात?”

“बासुंदी लिहा,” ती म्हणाली. “आणि हे तांदूळ मी यंदा तीन दिवस भिजवणार आहे. मध्ये कोणी घाई करायची नाही.”